कुणाचं घर उतरलं?

पंखा एकाएकी जोरात फिरायला लागला, तशी कोमलच्या घरी चहा पीत बसलेल्या सगळ्या बायकांनी वर बघितलं.

"कुणाचं उतरलं गं?" कोमल म्हणाली आणि खेळ सुरू झाला.

कुणी म्हणालं, पलीकडच्या बंडूचं असणार, त्यानं परवाच छतावर कडबा टाकला होता. कुणी म्हणालं, रुतुजाच्या दिरानं पतंग अडकवला असेल. मोनालीनं भागूबाईचं नाव घेतलं. भागूबाई समोरच बसली होती, त्यामुळे हशा झाला. भागूबाईनं तिला कोपर मारलं आणि म्हणाली, "माझं उतरलं तर तुझ्या दारात येऊन झोपीन बघ." बाहेर अंगणात खाटांवर कुरडया वाळत होत्या. पहाटेपासून चीक शिजवून, सोऱ्या दाबून सगळ्यांचे दंड भरून आले होते. वाऱ्याचा तो झोत अंगावर आला तसं बरं वाटलं. मोनालीनंही पदर सैल केला आणि मान मागे टाकून डोळे मिटले.

तेवढ्यात तिची सासू शालन दारात उभी राहिली. हाताला चीक लागलेला होता.

"मोनाली," ती म्हणाली, "बिरूचं मशीन वरडायला लागलंय."

जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथे पाऊस चुकून येतो आणि ऊन मात्र बाराही महिने मुक्कामाला असतं, तिथल्या माळावर हिवरतळची ही वस्ती आहे. वीसेक घरं, एक बिरोबाचं देऊळ, डाळिंबाच्या बागा आणि डाळिंबं ठेवायची थंड खोली. पूर्वी इथे दिवसातून थोडा वेळ वीज यायची. मग काजळी आली आणि जुने खांब, तारा कुणाला नकोशाच झाल्या. त्या निघून गेल्या, डिझेलची इंजिनं भंगारात गेली.

काजळी हे वस्तीनं ठेवलेलं नाव. खरं म्हणजे तो पेरोव्स्काइट जातीच्या स्फटिकांचा लेप. रंगासारखा छतावर फवारायचा, वाळला की काळाकुळकुळीत दिसतो. जुन्या निळ्या पॅनलपेक्षा किती तरी जास्त वीज देतो आणि भिंतीच्या रंगाइतका स्वस्त पडतो. पण त्यात एक खोट होती. एका छताच्या विजेचा दाब फार कमी. तो वाढवायचा तर छतं एकापुढे एक जोडावी लागत, टॉर्चमध्ये सेल घालतात तशी. अशा जोडणीत सगळ्यांमधून एकच प्रवाह वाहतो आणि तो किती असावा हे सगळ्यांत दुबळं छत ठरवतं. एखाद्या छतावर सावली पडली की ते स्वतः वीज देत नाही, एवढ्यावर भागत नाही. ते दुसऱ्यांची वीजही अडवून धरतं, तापतं, आणि लेप करपतो.

म्हणून बिरोबाच्या देवळामागे एक लोखंडी कपाट होतं. त्यातलं यंत्र सगळ्या छतांवर नजर ठेवून असे. सावली पडली की ते घर तत्क्षणी साखळीतून बाजूला काढी. त्या घराची वीजही बंद होई. यालाच घर उतरणं म्हणत. उतरलेलं घर परत जोडायचं तर साखळी सगळी रिकामी असावी लागते, त्यामुळे ते काम फक्त सूर्य उगवताना होई. एकदा उतरलं की दुसऱ्या दिवसापर्यंत अंधार.

उतरलेल्या घराच्या वाट्याची जी वीज उरे, ती यंत्र बाकीच्यांना वाटून टाकी. ज्या घराची भूक मोठी त्याला आधी, मग राहिलेली इतरांना थोडी थोडी. त्यामुळे एखाद्याचं घर उतरल्याची बातमी वस्तीला आधी वाऱ्याच्या झुळकेनं कळे.

पहिल्या वर्षी कपाटाची किल्ली एका माणसाकडे होती. त्याच्या भावकीतली घरं कधीच उतरत नसत. भांडणं झाली, डोकी फुटली. शेवटी वस्तीनं एकमतानं ठरवलं की निर्णय माणसाच्या हाती नकोच. नियम सगळ्यांनी मिळून यंत्राला सांगितले आणि किल्ली वाजतगाजत विहिरीत टाकली. पुढे नियम बदलायचा तर सगळ्या वस्तीची सभा लागे, आणि बदल दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना लागू होई. कुणाला आपला वाटा दुसऱ्याला देता येणार नाही, विकता येणार नाही. थंड खोलीचा वाटा हंगाम संपेपर्यंत हलणार नाही. आजारी माणसांच्या दोन घरांना जास्तीचा वाटा. एक मोनालीचं, कारण तिचा नवरा बिरदेव खडी केंद्राच्या धुळीनं छाती गमावून बसला होता आणि हवेतला प्राणवायू गाळून देणाऱ्या मशीनवर जगत होता. दुसरं गडदे गुरुजींचं. अर्धांगानं पडलेल्या गुरुजींच्या खोलीत कूलर सतत चालू ठेवावा लागे. त्यांच्या शरीराला आता घाम येत नव्हता.

मोनाली घरी पोचली तेव्हा मशीन आतल्या बॅटरीवर चालू होतं आणि दर मिनिटाला टुंई करत होतं. बिरदेव उशीला टेकून बसला होता. बोलायला गेला तर दम लागत होता, म्हणून त्यानं नुसतं बोट वर केलं, छताकडे.

छताच्या कोपऱ्यात शालनची जुनी पांढरी नऊवारी अंथरलेली होती आणि तिच्यावर कुरडया. कोमलच्या खाटा भरल्या म्हणून शालन उरलेला चीक घेऊन घरी आली होती. अंगणात कोंबड्या. काळं छत तव्यासारखं तापतं, संध्याकाळपर्यंत कुरडया कडकडीत होतात. गेल्या उन्हाळ्यातही तिनं तेवढाच कोपरा वापरला होता, तेव्हा काही झालं नव्हतं.

तेव्हा यंत्र तेवढी सावली सोडून देत असे. पण मागच्या महिन्याच्या सभेत थंड खोलीसाठी सावलीचा नियम कडक झाला होता. मोनाली त्या सभेला होती. हात वर करणाऱ्यांत तिचाही हात होता. घरी येऊन सासूला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

तिनं लुगडं ओढून काढलं. ओल्या कुरडयांचा चिखल झाला. शालन खाली उभी राहून, "एवढ्याशा कोपऱ्यानं काय हुतंय गं," एवढंच परत परत म्हणत होती.

जतला फोन केला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती, आल्यावर चार्ज होऊन निघणार, उन्हं कलायच्या सुमारास पोचेल असं सांगितलं. मशीनची बॅटरी तोवर टिकणं शक्य नव्हतं. माणसं जमली. बिरदेवला खाटेसकट कोमलच्या घरी न्यायचं ठरलं. लुगडं पाण्यात बुचकळून मोनालीनं त्याच्या अंगावर टाकलं आणि चौघांनी खाट उचलली. देवळापर्यंत जाईतो लुगडं वाळलं होतं. पारा सत्तेचाळीसवर होता.

कोमलच्या घरात मशीन लावलं तसा भिंतीवरचा दिवा लाल झाला. घर वाट्यापेक्षा जास्त ओढतंय, असंच चाललं तर थोड्या वेळात उतरेल, याची ती सूचना. मोनालीच्या घराला मिळालेला आजारी वाटा घराला मिळालेला होता, बिरदेवला नव्हे. तो घराबरोबरच उतरला होता, आणि त्यातून उरलेली वीज केव्हाच घराघरांतल्या पंख्यांना वाटली गेली होती.

कोमलचा सासरा तात्या सरगर थंड खोली सांभाळी. मोनालीनं त्याला विचारलं, खोली थोडा वेळ बंद ठेवता येईल का. तात्या वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं.

"कशी ठेवू?" तो म्हणाला. "किल्ली हिरीत हाय. टाकायला तूच पुढं हुतीस, फुलं उधळत."

पण मग त्यालाच सुचलं. देवळाच्या भोंग्यावरून त्यानं वस्तीला सांगितलं की सगळ्यांनी पंखे बंद करा. ज्याची भूक मोठी त्याला यंत्र उरलेली वीज देतं, आज भूक बिरूची मोठी आहे. आणि वस्तीनं ऐकलं. घराघरांतली घरघर थांबली. अशी शांतता भर दुपारी कधी पडली नव्हती. कोमलच्या भिंतीवरचा दिवा हिरवा झाला. बायकांनी मोनालीला पाणी पाजलं. कुणीतरी बिरदेवच्या तळपायांना ओला फडका लावला. तात्या डोळे पुसत होता. मोनालीला त्या घटकेला सगळी वस्ती आपली वाटली.

मग जेवणवेळ झाली. माणसं आपापल्या घरी गेली.

दिवा परत लाल झाला तेव्हा कोमलनं तो पाहिला आणि ती पदराचा वारा घेऊ लागली. मोनाली उठली, ओलं केलेलं लुगडं डोक्यावर घेतलं आणि उन्हात बाहेर पडली.

भागूबाईच्या घरी पंखा बंद होता. पण पाती अजून हळूहळू फिरत होती. भागूबाई पात्यांखालीच बसली होती, कपाळ कोरडं. "बंदच हाय की गं आमचा," ती म्हणाली. दोघींनीही वर बघायचं टाळलं. पुढच्या घरातही पाती फिरत होती. त्याच्या पुढच्या घरात दार उघडायला वेळ लागला, आणि उघडलं तेव्हा पंखा निश्चल होता, फक्त कॅलेंडरचं पान अजून हलत होतं. रुतुजा तेवढी खरं बोलली. तिनं कुशीतलं लेकरू दाखवलं, अंगभर घामोळं उठलेलं. "एका पंख्यानं काय फरक पडतोय, वयनी," ती म्हणाली. "बाकीच्यांचे बंद हायतच ना."

प्रत्येकाला तसंच वाटत होतं. मोनालीच्या ओठांवर शिवी आली, पण ती कुणाला द्यायची ते कळेना. शालनही तेच म्हणाली होती, एवढ्याशा कोपऱ्यानं काय होतंय.

तिनं मनात हिशेब मांडला. या घरांपैकी एखादं उतरलं तर झुळकेपुरती वीज उरेल, मशीनपुरती नाही. जेवढी वीज ती खातात जवळजवळ तेवढीच त्यांची छतं देतात. खाणारं जास्त आणि देणारं कमी असं घर हवं होतं. असं घर वस्तीवर एकच होतं.

गडदे गुरुजींची खोली वस्तीच्या टोकाला. छत बुटकं, एका अंगाला हात पोचेल इतकं. आत कूलर चालू होता, पडद्यातून गारवा येत होता. गुरुजी एकटेच. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्यांना भरवून, पुसून जात असे. त्यांनी बिरदेवला चौथीत शिकवलं होतं. सभेत बिरदेवच्या आजारी वाट्याला काही जणांनी नाक मुरडलं, तेव्हा गुरुजींनीच खाटेवरून, कुणीतरी कानाशी धरलेल्या फोनवर बोलून सगळ्यांना गप्प केलं होतं.

भोंगा त्यांनी ऐकला होता. तिला बघताच म्हणाले, "बिरदेव कसा आहे?"

तिनं सांगितलं. दिवा लाल झाल्याचंही सांगितलं.

गुरुजींनी नजर कूलरकडे वळवली. मग म्हणाले, "मोनाली, हा बंद कर थोडा वेळ. मला सोसेल तितकं सोसतो. फार झालं की हाक मारीन, मग कुणाला तरी पाठव. मला दुसरीकडे उचलून न्या."

ते अगदी मनापासून बोलत होते. तिनं बटणाकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर होतं. पण त्यांच्या डोळ्यांत बघून ते दाबणं म्हणजे आपण काय मागतो आहोत ते कबूल करणं होतं. परत यायचं, विचारायचं, किती वेळ झाला, सोसतंय का. आणि त्यांनी पुरे म्हटलं की चालू करायचं.

"नको, गुरुजी," ती म्हणाली. "राहू द्या. हुईल कायतरी."

"देव तुझं भलं करो," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

बाहेर आल्यावर तिनं दार नीट ओढून घेतलं. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, असं तिच्या मनात आलं आणि त्याच वेळी डोक्यावरचं लुगडं तिच्या हातात आलेलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी झटकलं आणि बुटक्या छतावर भिरकावलं. पांढरं लुगडं काळ्या लेपावर पसरलं. आत कूलरची घरघर खाली खाली येत थांबली.

गुरुजींनी विचारलं, "कोण आहे?"

ती चालायला लागली. आधी हळू, मग भरभर.

गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या घरांत पंख्यांचा आवाज चढला. बिरदेवची भूक भागवून उरलेलं यंत्र वाटत होतं. एका खिडकीतून हसणं आलं, आणि पाठोपाठ तो प्रश्न, "कुणाचं उतरलं गं?" दुसऱ्या घरातून कुणीतरी बंडूचं नाव घेतलं. मग एक बाई बघायला दारात आली, तिनं वस्तीच्या टोकाकडे नजर टाकली, आणि बघता बघता तिचा चेहरा विझला. ती आत गेली. शेजारच्या घरातूनही एक जण डोकावला. बुटक्या छतावरचं ते पांढरं लुगडं माळावरून कुठूनही दिसत होतं. खेळ थांबला. नेहमी नाव निघेपर्यंत चालणारा खेळ त्या दिवशी अर्ध्यावरच राहिला, आणि पंखे मात्र चालू राहिले.

कोमल दारात उभी होती. "हिरवा झाला," ती म्हणाली. मोनालीच्या उघड्या डोक्याकडे तिनं पाहिलं, मग टोकाकडे पाहिलं, आणि तिला आत घेऊन दार लावलं.

दुपारभर दिवा हिरवा राहिला. गुरुजींची हाक आली असेल तर ती पंख्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आली नाही.

उन्हं कलताना रुग्णवाहिका आली. मोनाली बिरदेवजवळ बसली. सिलिंडरची नळी लागल्यावर त्याचे ओठ परत माणसासारखे दिसू लागले. गाडी माळ ओलांडून रस्त्याला लागली तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

"मशीन चाललं कसं?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांनी पंखे बंद केले," ती म्हणाली.

बिरदेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या उन्हात, तो म्हणाला, एवढ्या उन्हात माझ्यासाठी. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता. पडद्यावर कोमलचा नंबर तिनं काढून ठेवला होता. गुरुजींना उचलून आणा, एवढंच सांगायचं होतं. पण मग कोमल विचारणार, का, त्यांना काय झालं. कोमल विचारणार नाही, हेही तिला माहीत होतं, आणि ते जास्त अवघड होतं. जतचे दिवे दिसेपर्यंत तिनं फोन तसाच धरला आणि मग पिशवीत ठेवला.

भाकरी घेऊन आलेल्या बाईला गुरुजी सापडले. ते खाटेवरून दाराच्या बाजूला घसरले होते. म्हातारपण, उन्हाळा, अर्धांग, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. उन्हानं त्या आठवड्यात तालुक्यात बरीच म्हातारी माणसं नेली. देवळात शोकसभा झाली. तात्यानं भाषण केलं. गुरुजींनी या वस्तीला एकमेकांसाठी जगायला शिकवलं, तो म्हणाला, त्या दिवशी बिरूसाठी आपण सगळे घामानं निथळत बसलो, ही त्यांचीच शिकवण. जतच्या एका वार्ताहरानं ती बातमी छापली. छायाचित्रात सगळी वस्ती बंद पंख्यांखाली बसलेली आहे. त्यासाठी पंखे परत एकदा बंद करावे लागले होते.

बिरदेव घरी आला त्या दिवशी दुपारी कोमल लुगडं घेऊन आली. धुऊन, खळ घालून, इस्त्री केलेलं. चिकाचे डागही तिनं काढले होते.

"उडून आमच्या दोरीवर आलं हुतं," ती म्हणाली. "वाऱ्यानं."

गुरुजी गेले त्या दिवशी माळावर पान हललं नव्हतं. मोनालीनं लुगडं घेतलं, पेटीत तळाशी ठेवलं, आणि कोमलला चहा करून दिला. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. कुरडया राहिल्यात, ऊन आहे तोवर करून टाकू, म्हणाल्या.

कोमल गेल्यावर मोनाली बिरदेवच्या खाटेशी येऊन बसली. मशीन संथ चालू होतं. गुरुजींच्या खोलीला कुलूप होतं, वारस कुणी नव्हतं. पण त्यांचं छत साखळीत होतंच. ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सूर्य उगवताना यंत्रानं ते परत जोडून घेतलं होतं. खाणारं कुणी उरलं नव्हतं, आता ते फक्त देत होतं.

बिरदेव वर बघत पडला होता.

"पंखा पूर्वीपेक्षा जरा जोरात फिरतोय का गं?"

"वारं लागतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग झोपा की."